लेखन आणि उच्चार यांच्या नात्याचे मोजमाप : चिनी लिपी, बालबोध आणि मोडी

१

बंगालमधील सेरामपूर येथील मिशनच्या छापखान्यातून १८०९ आणि १८१० या लागोपाठच्या वर्षी दोन ग्रंथ बाहेर पडले. पहिला जोशुआ मार्शमन यांचा, चिनी भाषेची चिन्हे आणि ध्वनी यांची चर्चा करणारा प्रबंध. दुसरा विल्यम कॅरी यांचा मराठी कोश. कॅरी यांचे मराठी व्याकरण त्याआधी, १८०५ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. कोशातील मराठी शब्द मात्र मोडी टंकात छापलेले आहेत. एकाच आवारात, एकाच मंडळींच्या देखरेखीखाली, एकीकडे ज्या लिपीत चिन्हावरून ध्वनी कळत नाही असे मानले जाते ती लिपी अभ्यासली जात होती आणि दुसरीकडे जिच्याविषयी ‘बोलावे तसे लिहावे’ असे आजही सांगितले जाते त्या भाषेचा कोश सिद्ध होत होता. या दोन उद्योगांची एकमेकांशी तुलना करावी असे त्या काळी कोणास सुचण्याचे कारण नव्हते. परंतु लिपी आणि उच्चार यांचे नाते किती घट्ट आहे, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या मुळाशी आहे, आणि तो ‘घट्ट’ किंवा ‘सैल’ अशा विशेषणांनी सुटत नाही.

मराठी शुद्धलेखनाच्या वादात हीच विशेषणे दीर्घकाळ वापरली गेली आहेत. एक पक्ष म्हणतो, देवनागरी ध्वन्यनुसारी आहे, तेव्हा लेखनातील चूक म्हणजे उच्चारातील आळस. दुसरा पक्ष म्हणतो, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठी उच्चारात उरलेलाच नाही, तेव्हा नियमच काढून टाकावेत. दोन्ही पक्ष उदाहरणे देतात; उदाहरणे खरी असतात; आणि तरीही वाद हलत नाही. त्याचे एक कारण असे की, नाते मोजावयाचे तर ते कोणत्या दिशेने मोजावयाचे, हे आधी ठरवावे लागते. लिहिलेले पाहून उच्चार करणे ही एक दिशा; ऐकलेले लिहून काढणे ही दुसरी. या दोन दिशांचे माप एकच असेल असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर ते एक नाहीच.

२

चिनी लिपीविषयी सामान्य समज असा की, तिच्यातील प्रत्येक चिन्ह हे एका अर्थाचे चित्र आहे. वस्तुतः शु षन याने इसवी सनाच्या १०० च्या सुमारास रचलेल्या कोशात ९,३५३ चिन्हांचा संग्रह असून त्यांतील फार मोठा भाग संयुक्त चिन्हांचा आहे. अशा संयुक्त चिन्हाचा एक घटक अर्थाचे क्षेत्र सुचवितो आणि दुसरा ध्वनी. म्हणजे ध्वनी या लिपीत आहे. प्रश्न तो किती विश्वसनीय आहे एवढाच.

एक कुल घेऊ. ‘छिंग’ (निळा-हिरवा रंग) हे चिन्ह अनेक संयुक्त चिन्हांत ध्वनिघटक म्हणून येते. त्यांपैकी परिचयाची नऊ अशी : निर्मळ, विनंती करणे, भावना, निरभ्र आकाश, चतुर हा कीटक, सत्त्व, बुबुळ, शांत, अंदाज करणे. आजच्या प्रमाण चिनी भाषेत यांपैकी पहिल्या पाचांचा उच्चार ‘छिंग’, पुढील तिघांचा ‘चिंग’ आणि शेवटच्याचा ‘त्साइ’ असा होतो. तेव्हा घटकावरून उच्चार ओळखणारा वाचक नवांपैकी पाच वेळा बरोबर ठरेल. परंतु चिनी भाषेत सूर हाही उच्चाराचा अविभाज्य भाग आहे. सूर जमेस धरला, तर मूळ चिन्हाशी पूर्णपणे जुळणारी चिन्हे नवांपैकी दोनच उरतात. उलट ‘छ’ आणि ‘च’ यांतील फरक गौण मानून केवळ ‘-इंग’ हे यमक जुळले तरी पुरे असे ठरविले, तर जुळणी नवांपैकी आठ होते. एकच कुल, एकच नऊ चिन्हे, आणि दोन, पाच किंवा आठ ही तीन उत्तरे. मोजणाऱ्याने ‘जुळणे’ म्हणजे काय हे आधी सांगितले नाही, तर आकड्याला अर्थ नाही.

उलट दिशेने पाहिले तर चित्र याहून बिकट दिसते. ‘षी’ या एका अक्षराला चिनी भाषेत इतकी चिन्हे आहेत की, युअन रन चाव या भाषाशास्त्रज्ञाने केवळ ‘षी’ हे अक्षर वेगवेगळ्या सुरांत वापरून अभिजात चिनीत एक संपूर्ण गोष्ट रचली. डोळ्यांनी ती वाचता येते, कानांनी ऐकून तिचा बोध होत नाही. चिन्हावरून ध्वनी काढताना चिनी वाचकाला निदान अंधुक आधार असतो. ध्वनीवरून चिन्ह काढताना संदर्भावाचून दुसरा आधार नाही.

ही सैल जुळणी लिपीत मुळापासून नव्हती, हे येथे महत्त्वाचे आहे. संयुक्त चिन्हे घडली तेव्हा ध्वनिघटक आणि शब्द यांचे उच्चार एकमेकांच्या जवळ होते; पुढे उच्चार बदलले, चिन्हे राहिली. इ. स. ६०१ मध्ये लु फायान याने सिद्ध केलेल्या यमककोशात चिन्हाचा उच्चार सांगण्यासाठी दोन चिन्हांची जोडी दिलेली असते : पहिल्यातून आरंभीचे व्यंजन घ्यावयाचे आणि दुसऱ्यातून उरलेले अक्षर. ‘त’ने सुरू होणारे एक चिन्ह आणि ‘हुंग’ असे दुसरे मिळून ‘तुंग’ (पूर्व दिशा). पुढे शौवन या भिक्षूच्या नावावर असलेल्या छत्तीस आद्यव्यंजनांच्या यादीत व्यंजने कंठ्य, ओष्ठ्य, दंत्य अशा स्थानांनुसार लावलेली आढळतात. मराठी शाळेत पाठ केली जाणारी वर्णमाला ज्या शास्त्रातून आली त्याच शास्त्राचा, बौद्ध ग्रंथांच्या वाटेने तिकडे गेलेला, हा ठसा आहे.

या वाटेवर पुण्याचेही एक पाऊल आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने ‘समन्तपासादिके’च्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला आणि तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. मूळ चिनी रूप पाचव्या शतकाच्या अखेरचे. अशा ग्रंथांत भारतीय विशेषनामे चिनी चिन्हांत ध्वनीनुसार उतरविलेली असतात. ‘बुद्ध’ या शब्दासाठी वापरलेले चिन्ह आज ‘फो’ असे वाचले जाते. परंतु ते निवडले गेले तेव्हा त्याच्या आरंभी ‘ब’सारखे आणि अंती ‘त’सारखे व्यंजन ऐकू येत होते. म्हणजे भारतीय शब्दाचे लेखन हाच जुन्या चिनी उच्चाराचा साक्षीदार ठरतो. लेखन आणि उच्चार यांचे नाते मोजताना कोणत्या शतकाचा उच्चार धरावयाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. मराठीला तो चुकलेला नाही.

३

मोजण्याचे साधन कोणते? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाच्या संदर्भात मांडलेले अनिश्चिततेचे माप येथे उपयोगी पडते. कल्पना साधी आहे. नाणे उडविल्यावर छापा की काटा हे सांगताना जेवढी अनिश्चितता असते तेवढीला एक ‘बिट’ म्हणावे. चार सारख्याच शक्यता असतील तर दोन बिट. एकच शक्यता असेल तर शून्य. शक्यता दोन असूनही त्यांतील एक वारंवार येत असेल, तर माप शून्य आणि एक यांच्यामध्ये कोठेतरी पडते. लिहिलेले अक्षर दिले असता उच्चाराविषयी किती अनिश्चितता उरते, हे वाचनाचे माप. उच्चार दिला असता अक्षराविषयी किती उरते, हे लेखनाचे माप. यात कोणाच्या शुद्धतेचा किंवा आळसाचा प्रश्न येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

४

बालबोध लिपीतील मराठी वाचताना अनिश्चितता कोठे उरते ते प्रथम पाहू. हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण जागा मोजक्या आहेत.

शब्दाच्या अंतीचा ‘अ’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही (‘घर’), आणि मधला ‘अ’ही अनेकदा लोपतो (‘गवत’ पण ‘गवताचा’ म्हणताना ‘गव्-ता-चा’). हा लोप बहुतांशी नियमबद्ध असल्याने मराठी भाषकाला तो शिकवावा लागत नाही. अनुस्वाराचे उच्चार अनेक (‘अंक’, ‘अंत’, ‘अंबा’, ‘संशय’, ‘सिंह’), पण पुढचे अक्षर पाहिले की कोणता ते ठरते. राहता राहिले च, ज, झ. मराठीत यांचे तालव्य आणि दन्ततालव्य असे दोन उच्चार असून त्यांना अक्षर एकच आहे. इ, ई, ए, य यांच्यापूर्वी उच्चार तालव्य असतो : ‘माझा’मधील ‘झ’ दन्ततालव्य, ‘माझी’मधील तालव्य. अ, आ, उ, ऊ, ओ यांच्यापूर्वी मात्र खरी संदिग्धता आहे. ‘चोर’, ‘चांगला’ येथे एक उच्चार आणि ‘चार’, ‘चंद्र’ येथे दुसरा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, ‘जरा’ म्हणजे किंचित आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य : लेखन एक, उच्चार दोन. तत्सम शब्दांत हा उच्चार नेहमी तालव्य असतो. तेव्हा शब्दाचे कुल ठाऊक असलेल्या वाचकाची अनिश्चितता बरीच घटते. (जाता जाता : दन्ततालव्य ‘च’शी अगदी जवळचा ध्वनी चिनीत आहे आणि त्याचा तालव्य ‘च’शी असलेला भेदही तेथे आहे. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाला हा भेद नव्याने कमवावा लागत नाही. त्याच्या कानात तो असतो, केवळ लिपीत नसतो.)

५

आता उलट दिशा. ऐकलेले लिहिताना मराठी माणूस कोठे अडतो?

‘विशेष’ या शब्दात श आणि ष दोन्ही आहेत. बहुतेकांच्या बोलण्यात मात्र ध्वनी एकच आहे. ट-वर्गाच्या सान्निध्यात (‘कष्ट’, ‘उष्ण’) ष ठरलेला असतो, इतरत्र तो पाठ करावा लागतो. ‘ऋण’ आणि ‘रुग्ण’, ‘कृती’ आणि ‘क्रुद्ध’ यांतही कान मदत करीत नाही. उलट ‘ज्ञ’चा मराठी उच्चार मूळ संस्कृत उच्चाराहून कितीही दूर गेलेला असो, ‘द्न्य’ ऐकले की ‘ज्ञ’ लिहावयाचे हे निश्चित असल्याने येथे लेखनाची अनिश्चितता शून्य आहे. मूळ ध्वनीपासून दूर जाणे आणि अनिश्चित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादात त्या नेहमी एकत्र केल्या जातात.

सर्वांत मोठा भाग अर्थातच इकार-उकारांचा. मराठी उच्चारात इ-उ यांचे ऱ्हस्वदीर्घत्व बव्हंशी स्थानावर अवलंबून आहे : शब्दाच्या अंती ते दीर्घ, व्यंजनान्त उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या अक्षरात दीर्घ, आधीच्या अक्षरांत सामान्यतः ऱ्हस्व. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘वीट’ पण ‘विटा’, ‘गरीब’ पण ‘गरिबी’, ‘वकील’ पण ‘वकिली’. येथे लेखन उच्चाराच्या पाठोपाठ जाते. परंतु तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही. ‘गुण’ हा शब्द ‘मूल’सारखाच दीर्घ उकाराने उच्चारला जातो, पण लिहिला जातो ऱ्हस्व, ‘रूपाचे’मधील उकार ‘मुलाचे’मधल्यासारखाच ऱ्हस्व ऐकू येतो, पण लिहिला जातो दीर्घ. ‘विष’ आणि ‘वीस’ यांतील स्वर कानाला वेगळे लागत नाहीत. ‘शिर’ (डोके) व ‘शीर’ (रक्तवाहिनी), ‘सुत’ (पुत्र) व ‘सूत’ (धागा) या जोड्या शाळेत अर्थभेदाची उदाहरणे म्हणून शिकविल्या जातात. त्या उच्चारभेदाची उदाहरणे नाहीत.

याचे मोजमाप कसे करावे हे एका लहान यादीवरून दाखविता येईल. ही यादी पद्धत स्पष्ट करण्यासाठी निवडलेली आहे. तिच्यावरून संपूर्ण भाषेचे प्रमाण काढावयाचे नाही. तत्समेतर दहा शब्द : मूल, दूध, वीट, पूल, खीर, वीस, भूक, पीठ, चूक, जीभ. तत्सम दहा शब्द : गुण, विष, सुख, दिन, युग, कुल, रूप, शील, दीप, धूप. या वीसही शब्दांतील इकार-उकार नेहमीच्या बोलण्यात दीर्घ ऐकू येतो. लेखनात चौदा दीर्घ आणि सहा ऱ्हस्व आहेत. तेव्हा केवळ कानावर विसंबून लिहिणाऱ्यासमोर प्रत्येक शब्दामागे सुमारे ०.८८ बिट अनिश्चितता आहे, म्हणजे नाणे उडविण्यापेक्षा थोडीच कमी. आता त्याला शब्द तत्सम आहे की नाही एवढेच कळले असे समजू. पहिल्या दहा शब्दांबाबत अनिश्चितता शून्य होते. दुसऱ्या दहांत सहा ऱ्हस्व आणि चार दीर्घ असल्याने ती ०.९७ पर्यंत चढते. वीस शब्दांची सरासरी सुमारे ०.४९ येते. म्हणजे शब्दाच्या कुलाच्या ज्ञानाने निम्म्याच्या आसपास अनिश्चितता दूर केली; उरलेली सर्व तत्सम शब्दांत एकवटली, आणि तेथे एकेक शब्द पाठ करण्याखेरीज मार्ग उरला नाही.

या आकड्यांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मराठी शुद्धलेखन एका तत्त्वावर चालत नाही, दोन तत्त्वांवर चालते. तत्समेतर शब्द ध्वनीनुसार लिहिले जातात, तत्सम शब्द कुलानुसार. ‘गरीब’, ‘वकील’, ‘जमीन’ हे अरबी-फारसीतून आलेले शब्द आहेत, पण त्यांचे मूळ लेखन जपावे असे नियमकर्त्यांस वाटले नाही. ते मराठी उच्चाराच्या स्वाधीन करण्यात आले. कुलाचा मान फक्त संस्कृत शब्दांना मिळाला. या निवडीमागे सांस्कृतिक कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. परंतु ती निवड आहे, लिपीचा स्वभावधर्म नव्हे. चिनी ध्वनिघटक जसा प्राचीन उच्चाराची खूण आजच्या लेखनात वागवतो, तसाच ‘गुण’मधील ऱ्हस्व उकार संस्कृत उच्चाराची खूण वागवतो. फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दापुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे अद्याक्षराने दिलेले असते. व्युत्पत्तीच्या जिज्ञासेपोटी दिलेली ती खूण प्रत्यक्षात लेखकाची निम्मी अडचण सोडविणारी होती. आजच्या शालेय शब्दसूचींत ती क्वचितच आढळते.

६

१९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखनविषयक नियम स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. या नियमांनी लेखन सुलभ केले, असे एका बाजूने मानले जाते. त्यांनी व्याकरणाची हानी केली, असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही दिशांचे माप वेगळे ठेवले, तर दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असल्याचे दिसते.

अनुच्चारित अनुस्वार घ्या. पूर्वी ‘नांव’ (नाम) आणि ‘नाव’ (होडी), ‘तें’ (नपुंसकलिंगी एकवचन) आणि ‘ते’ (पुल्लिंगी अनेकवचन), ‘पांच’, ‘घरें’, ‘कां’ असे लिहीत. टिंब कोठे द्यावयाचे हे प्रमाण उच्चारावरून कळत नसे. त्यासाठी व्युत्पत्ती आणि रूपसिद्धी ठाऊक असावी लागे. नियमांनी ही टिंबे काढून टाकली, आणि लेखनाची अनिश्चितता त्या जागी एकदम शून्यावर आली. त्याच वेळी वाचकाने एक आधार गमावला : ‘ते आले’ हे वाक्य आता पाहुण्यांविषयी आहे की पाखराविषयी, हे पुढचे वाचल्यावर कळते. लिहिणाऱ्याचा भार उतरला, वाचणाऱ्याचा किंचित वाढला. हा सौदा योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतो. सौदा झाला याविषयी होऊ नये.

अन्त्य इकार-उकाराचा नियम याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. पूर्वी ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘लघु’ हे तत्सम शब्द ऱ्हस्वान्त आणि ‘नदी’, ‘वधू’ दीर्घान्त लिहिले जात. नव्या नियमाने सर्व अन्त्य इकार-उकार दीर्घ झाले. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे मोजके अपवाद सोडले तर येथे लिहिणाऱ्याला विचारच करावा लागत नाही. परंतु समासात पूर्वपदाचे मूळ रूप कायम ठेवण्याचा नियम राहिला : ‘कविसंमेलन’, ‘बुद्धिवैभव’, ‘लघुकथा’, पण ‘लक्ष्मीपुत्र’, ‘वधूवर’. पूर्वी ‘लघु’ आणि ‘वधू’ हा भेद सुट्या शब्दातच डोळ्यांसमोर असे. समास लिहिताना तो तसाच उचलावयाचा एवढेच काम होते. आता सुटे शब्द ‘लघू’ आणि ‘वधू’ असे सारखे दिसतात आणि समासात मात्र एक ऱ्हस्व व एक दीर्घ करावा लागतो. जो भेद डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही तो समासात आठवावयाचा. अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती वारंवार येणाऱ्या जागेवरून क्वचित येणाऱ्या जागेवर सरकली. एकूण गोळाबेरजेत हा लाभच आहे, कारण सुटे शब्द समासांहून कितीतरी अधिक येतात. परंतु ‘लघूकथा’ लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. नियमाने शिकविलेले रूपच तो पुढे नेत असतो.

७

मोडीचा विचार केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. मोडीत इकार एकच आणि उकार एकच. ‘शिर’ आणि ‘शीर’ मोडीत सारखेच दिसतात. वर मोजलेली ०.८८ बिट अनिश्चितता मोडी लिहिणाऱ्या कारकुनासमोर नव्हतीच. त्याचे लेखनाचे माप त्या जागी शून्य होते. याचा मोबदला वाचणारा देई : शब्द सलग लिहिलेले, एकमेकांत मिसळणारी वळणे, व्यंजनाचा पाय मोडल्याची खूण सहसा नाही. वाचणारा त्याच व्यवहारातला असल्याने त्याला हा भार जाणवत नसे. बालबोध आणि मोडी या दोन लिप्या एकाच समाजात शतकानुशतके शेजारी नांदल्या, त्या केवळ पोथी आणि दप्तर या भेदामुळे नव्हे. पोथीत एकदा लिहिलेले अनेकांनी अनेकदा वाचावयाचे असते, तेव्हा वाचनाचे माप कमी ठेवणे हिताचे. दप्तरात कारकून दिवसभर लिहितो आणि कागद एकदोघे वाचतात, तेव्हा लेखनाचे माप कमी ठेवणे हिताचे. प्रत्येक लिपीने आपल्या कामाला साजेसा तोल साधला होता. छापखान्याने बालबोधाचा तोल सर्वांवर लादला, आणि विसाव्या शतकात हाताने लिहिणाऱ्या प्रत्येकाला पोथीच्या लेखकाची शिस्त पाळावी लागली.

याचा एक व्यावहारिक परिणाम संशोधकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुण्यातील पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. मोडी कागद बालबोधात उतरविताना प्रत्येक इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवावे लागते, आणि ते मूळ कागदात नसते. छापील पानावर जे ऱ्हस्व-दीर्घ दिसते ते अठराव्या शतकातील लेखकाचे नसून विसाव्या शतकातील लिप्यंतरकाराचे असते. अशा छापील पाठांवरून पेशवेकालीन उच्चाराविषयी अनुमान काढणे म्हणजे आरशातील आपल्याच प्रतिबिंबाची साक्ष काढणे होय. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमुळे आजही पुण्यात मोडी वाचणारे तयार होत आहेत. इकार-उकारांच्या बाबतीत तटस्थ राहणारे लिप्यंतर करणे त्यांना अशक्य नाही.

८

आतापर्यंत ‘उच्चार’ हा शब्द एकवचनी वापरला. तेथे एक मोठे गृहीतक दडलेले आहे. अनिश्चिततेचे माप ज्या उच्चारापासून सुरू होते तो कोणाचा? मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) असो की नंतरची नियमावली असो, गृहीत धरलेला कान प्रमाण बोलीचा आहे. पुण्यातील सुशिक्षित घरातील मुलाला ‘पाणी’ लिहिताना न की ण असा प्रश्न पडत नाही. त्याच्या तोंडी ण आहे. ज्या बोलींत ‘पानी’ म्हणतात तेथील मुलासमोर मात्र प्रत्येक ‘न’ हा एक प्रश्न आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो; तेथे य लिहावयाचा की ळ, हे पुण्याच्या मुलाला कधीही न पडणारे कोडे पडते. उलट कोकणातील काही बोलींत नासिक्य स्वर टिकून आहेत. तेथील माणसाला ‘तें’वरील टिंब अनुच्चारित नव्हतेच. १९६२ च्या नियमाने पुण्याच्या मुलाचा जो भार कमी केला तो त्या कोकणी मुलावर मुळातच नव्हता. त्याच्याकडून मात्र त्याला ऐकू येणारा भेद लेखनातून काढून घेतला गेला.

म्हणून एकच नियमावली वेगवेगळ्या बोलींच्या मुलांकडून वेगवेगळी किंमत वसूल करते, आणि ही किंमत मोजता येण्यासारखी आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. एक, १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील शब्दांची वारंवारतेसह सूची. कारण ‘पाणी’सारखा रोज येणारा शब्द आणि ‘मीलन’सारखा वर्षातून एकदा येणारा शब्द यांना सारखे वजन देणे चूक ठरेल. दोन, निदान चार-पाच बोलींतील मुलांनी तेच शब्द उच्चारल्याच्या नोंदी. मग प्रत्येक शब्दापुढे प्रत्येक बोलीसाठी लेखनाची अनिश्चितता मांडता येईल. आज उत्तरपत्रिकेत ‘लघूकथा’, ‘रुपाचे’, ‘पानी’ आणि ‘घऱ’ या चारही ठिकाणी एकच तांबडी रेघ पडते आणि एकच अर्धा गुण जातो. यांतील पहिली चूक नियमाने पेरलेली, दुसरी दोन तत्त्वांच्या सरमिसळीची, तिसरी बोलीची आणि चौथीच काय ती हयगयीची. अशी सूची हाताशी असेल, तर या चार रेघांची विभागणी करण्याचे काम परीक्षकाला आधी आणि नियमकर्त्याला नंतर करता येईल. आणि ते करताना ज्या शब्दांच्या लेखनाबाबत एकाही बोलीच्या मुलाला कान उपयोगी पडत नाही, त्या शब्दांची यादी किती लांब आहे, हेही प्रथमच कळेल.